मंदीची वाट पाहणारा माणूस

फोटोजर्नालिझमच्या तासाला आमच्या मॅडमनी एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो पडद्यावर टाकला. खालची ओळ मुद्दाम कापलेली. हेल्मेट घातलेले दोन सैनिक, आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी उचलून धरलेला एक म्हातारा. अंगात झकास सूट, पांढरे केस नीट विंचरलेले, हात पोटावर जुळवलेले. चेहऱ्यावर ना भीती ना ओशाळलेपणा. खुर्चीत बसावं तसा तो त्या सैनिकांच्या हातांवर बसलाय. काय चाललंय ते ओळखायचं होतं. मागच्या बाकावरून उत्तर आलं की आजोबांना मतदानाला नेतायत. वर्गात हशा पिकला.

खरं उत्तर असं होतं: साल १९४४, गाव शिकागो, आणि हे आजोबा म्हणजे अमेरिकेतल्या एका बड्या दुकान-साखळीचे सर्वेसर्वा. देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या हुकमावरून त्यांना त्यांच्याच ऑफिसातून उचलून बाहेर ठेवण्यात येत होतं.

मी त्या दिवशी घरी जाऊन हा माणूस शोधत बसले. स्यूएल ॲव्हरी. त्या फोटोची गोष्ट भारी आहेच, पण मी अडकले ती दुसऱ्याच गोष्टीत. हा माणूस मंदी येणार हे ओळखण्यासाठी प्रसिद्ध होता. आमच्या बॅचमध्ये सध्या प्लेसमेंटचं वारं आहे आणि रोज कोणी ना कोणी मंदी येणार म्हणून छातीत धडकी भरवतं. मेन रोडवरून चालताना आमचा एक खेळही झालाय, पुढचं कुठलं शोरूम बंद पडेल यावर चहाची पैज लावायची. ॲव्हरीने हीच पैज आयुष्यभर लावली. एकदा जिंकला. दुसऱ्यांदा एवढा हरला की त्यात एक अख्खी कंपनी मागे पडली.

ॲव्हरी मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉचा. वडील लाकडाच्या धंद्यात गब्बर झालेले. मुलाने मिशिगन विद्यापीठातून १८९४ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण काळा कोट घालून कोर्टात उभा राहिला नाही. वडिलांचा पैसा गुंतलेल्या एका जिप्समच्या कारखान्यात तो कामाला लागला. जिप्सम म्हणजे आपल्याकडे फॉल्स सीलिंगला जे बोर्ड लावतात, ते ज्यापासून होतात तो पांढरा दगड. पुढे असे बरेच कारखाने एकत्र येऊन यू. एस. जिप्सम ही कंपनी झाली आणि १९०५ मध्ये ॲव्हरी तिचा अध्यक्ष झाला. वय जेमतेम तिशीच्या आसपास.

तिथे त्याने जवळजवळ पाव शतक चोख धंदा केला. खर्चावर करडी नजर, नको तिथे एक पैसा नाही. १९२०च्या दशकाच्या शेवटी सगळी अमेरिका शेअर बाजाराच्या नशेत होती, केस कापणाऱ्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळे टिप्स देत होते. ॲव्हरीला मात्र हे लक्षण ठीक वाटेना. त्याने कंपनीचा साठा कमी केला, खर्च आवळला, रोकड जमवली. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला. त्यानंतरच्या महामंदीत घरं बांधणं जवळपास थांबलं, म्हणजे जिप्समला गिऱ्हाईकच उरायला नको. तरी यू. एस. जिप्सम नफ्यात राहिली. बाकीच्या कंपन्यांचे मालक बँकांच्या दारात उभे असताना हा माणूस शांतपणे आपला ताळेबंद वाचत होता. साहजिकच त्याचं नाव झालं. याला आधीच कळतं म्हणे!

माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात घातक घटना ही आहे. तो बरोबर ठरला.

आता दुकानांकडे येऊ. माँटगोमेरी वॉर्ड ही कंपनी १८७२ मध्ये शिकागोत सुरू झाली ती एका पानाच्या यादीवर. खेड्यातल्या शेतकऱ्याने यादी बघायची, पत्राने ऑर्डर द्यायची, माल रेल्वेने यायचा. पसंत पडला नाही तर पैसे परत. आज हे वाचताना डोळ्यांसमोर फोनवरचं ॲप येतं ना? तेच, फक्त पोस्टमन आणि रेल्वे लावून. त्यांची प्रतिस्पर्धी सीअर्स. दोघींचे जाडजूड कॅटलॉग घरोघरी असायचे.

मग मोटारी आल्या. शेतकरी गाडी काढून गावात जाऊन माल हात लावून घेऊ लागला. वॉर्डमध्ये रॉबर्ट वूड नावाचा एक माजी लष्करी अधिकारी होता. पनामा कालवा खणला जात होता तेव्हा तिथली रसद सांभाळलेला. या वूडला एक विचित्र छंद होता, सरकारी आकडेवारीची जाडी पुस्तकं तो कादंबरीसारखी वाचायचा. लोक कुठून कुठे राहायला जातायत, कुठल्या राज्यात गाड्या वाढतायत, हे त्याला त्या रकान्यांत दिसायचं. कॅटलॉग पुरेसा नाही, दुकानं उघडा, असं तो वॉर्डमध्ये सांगत राहिला. साहेबांना पटलं नाही. १९२४ मध्ये तो तिथून बाहेर पडला आणि थेट सीअर्समध्ये गेला. पुढच्याच वर्षी सीअर्सने पहिलं दुकान उघडलं. वॉर्डला जाग आली, त्यांनी १९२६ नंतर धडाधड शेकडो दुकानं उघडली, पण घाईघाईत, आणि तेवढ्यात महामंदी दारात येऊन ठेपली.

१९३१ मध्ये वॉर्डला ८७ लाख डॉलरचा तोटा झाला. कंपनीत पैसा अडकलेल्या मॉर्गनच्या बँकेने माणूस शोधायला सुरुवात केली, आणि मंदीतही नफा कमावणारा माणूस शिकागोतच होता. ॲव्हरी जिप्सम न सोडता वॉर्डचाही कारभारी झाला. बुडीत दुकानं बंद केली, जुनी माणसं काढली, नवी आणली, कॅटलॉग नीटनेटका केला, नुसत्या शेतीच्या अवजारांऐवजी घरात लागणाऱ्या आणि जरा फॅशनच्या वस्तू वाढवल्या. दोन-तीन वर्षांत कंपनी नफ्यात आली. म्हणजे लागोपाठ दुसरा विजय. त्याचा स्वभाव असा की त्याच्याशी वाद घालणारा फार दिवस टिकत नसे. उपाध्यक्ष यायचे, जायचे. ऑफिसात एकच मत चालायचं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मंदीत दुकान-साखळी बुडते म्हणजे नक्की काय होतं? लोक खरेदी कमी करतात, एवढंच कारण पुरेसं नसतं. दुकानाचं भाडं ठरलेलं असतं, पगार ठरलेले असतात, कर्जावरचं व्याज तर थांबतच नाही. प्रत्येक वस्तूमागे सुटणारा नफा मुळातच चिमूटभर. त्यामुळे विक्री थोडी जरी घसरली तरी तो नफा आधी गायब होतो. त्यात गोदाम चढ्या भावाने घेतलेल्या मालाने भरलेलं असेल आणि बाजारात भाव पडले, तर संपलंच. तो माल तोट्यात विकावा लागतो, किंवा विकलाच जात नाही.

हे पुस्तकी नाही, ॲव्हरीच्या पिढीने बघितलेलं होतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर आधी भाव भडकले आणि मग १९२०-२१ मध्ये धाडकन पडले. शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या खिशात पैसा उरला नाही, आणि शेतकऱ्यावर जगणाऱ्या दोन्ही कॅटलॉग कंपन्यांची गोदामं महागात घेतलेल्या मालाने तुडुंब. १९२१ मध्ये सीअर्सला १ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त फटका बसला. तिचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी स्वतःच्या खिशातले सुमारे २ कोटी डॉलर मागे उभे केले म्हणून ती वाचली. वॉर्डलाही जबर मार बसला होता. त्यामुळे युद्धानंतर मंदी येते ही ॲव्हरीची भीती वेडगळ अजिबात नव्हती. हातात रोकड, डोक्यावर कर्ज नाही आणि गोदामात कमी माल असेल तो वाचतो, हाही हिशोब चुकीचा नव्हता. आपण बिग बझारचे फलक उतरताना पाहिलेत. तिथे गोष्ट नेमकी उलटी होती, भराभर वाढ आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर, मग लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद पडली आणि कंबरडं मोडलं. ॲव्हरीच्या हातात ती कंपनी असती तर असं झालं नसतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

आता तो फोटो.

दुसरं महायुद्ध चालू होतं. युद्धकाळात संप होऊन उत्पादन अडू नये म्हणून सरकारने मालक आणि युनियन यांच्यातले तंटे सोडवणारं एक मंडळ नेमलं होतं. वॉर्डच्या शिकागोतल्या कामगारांचा युनियनशी असलेला करार १९४३च्या शेवटी संपला. मंडळाने सांगितलं, तूर्त तोच चालू ठेवा. ॲव्हरीने सरळ नकार दिला. त्याचं म्हणणं, युनियनकडे आता बहुमत उरलेलं नाही, आणि आम्ही काय तोफा बनवतो का, आम्ही कपडे आणि कुंपणाच्या तारा विकतो, तुमचा आमच्याशी संबंध काय. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टवर आणि त्याच्या आर्थिक धोरणांवर त्याचा जुना राग होताच. एप्रिल १९४४ मध्ये कामगार संपावर गेले. रूझवेल्टने कंपनी सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला.

अधिकारी आले, सैनिक आले. ॲव्हरी हलेना. दुसऱ्या दिवशी, २७ एप्रिलला, तो नेहमीसारखा ऑफिसात येऊन बसला. देशाचे ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल स्वतः शिकागोला आले होते. समजावून झालं, विनवून झालं. शेवटी बिडलनी त्याला बाहेर काढायला सांगितलं. तेव्हा ॲव्हरीने त्यांना जी शिवी हासडली ती ऐकून आज हसू येईल. त्याने त्यांना रूझवेल्टच्या धोरणाचा माणूस म्हटलं. त्याच्या शब्दकोशात याहून घाण शब्द नव्हता. मग दोन सैनिकांनी या सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या गृहस्थाला उचललं, लिफ्टमधून खाली आणलं आणि फुटपाथवर ठेवलं. फोटोग्राफर तयारच होते.

दुसऱ्या दिवशी तो फोटो देशभर गेला आणि गंमत म्हणजे सरकारचीच अडचण झाली. एका म्हाताऱ्या दुकानदाराला उचलायला फौज कशाला, असं पुष्कळ जणांना वाटलं. मे महिन्यात कामगारांचं मतदान झालं, युनियन जिंकली, सरकारने कंपनी परत केली. ॲव्हरी तरी ऐकेना, म्हणून वर्षाच्या शेवटी लष्कराने वॉर्डच्या अनेक शहरांतल्या जागा पुन्हा ताब्यात घेतल्या, त्या युद्ध संपेपर्यंत. आता त्याच्या बाजूने भांडायचं की युनियनच्या, यावर आमच्या वर्गात अर्धा तास गेला. मी युनियनच्या बाजूने होते, अजूनही आहे. पण सगळं जग एका बाजूला असताना जागचा न हलणारा माणूस कसा दिसतो, हे त्या फोटोइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. आणि हाच हट्ट पुढे दहा वर्षं दुकानांना भोवला.

मधल्या मधे एक वेगळीच गोष्ट. ख्रिसमसला सगळीकडे दिसणारं ते लाल नाकाचं रेनडिअर, रुडॉल्फ, माहीत आहे ना? ते वॉर्डच्याच जाहिरात विभागात जन्मलं. १९३९ मध्ये गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला एक पुस्तिका हवी होती. रॉबर्ट मे नावाच्या कॉपीरायटरने ही गोष्ट लिहिली. त्याची बायको त्याच वर्षी कॅन्सरने गेली, उपचारांचं कर्ज डोक्यावर. पहिल्याच ख्रिसमसला वीस लाखांहून जास्त प्रती वाटल्या गेल्या, पण नोकरीत लिहिलेलं असल्यामुळे हक्क कंपनीचे. युद्धानंतर मेने हक्क मागितले. आणि पैशापैशाचा हिशोब ठेवणाऱ्या ॲव्हरीच्या कंपनीने ते त्याला देऊन टाकले. १९४९ मध्ये त्यावरचं गाणं आलं आणि मेचं आयुष्य पालटलं. ॲव्हरीने हे दयेपोटी केलं की त्या पुस्तिकेत पुढे काही धंदा दिसला नाही म्हणून, हे कोणी सांगू शकत नाही. मला दुसरं कारण पटतं, पण पहिलं असावं असं वाटतं.

युद्ध १९४५ मध्ये संपलं. ॲव्हरीने आपले जुने तक्ते काढले. मोठी युद्धं झाली की नंतर भाव कसे कोसळले, याचा आलेख त्याच्याकडे मागच्या शतकापासूनचा होता. त्याचा निष्कर्ष पक्का होता, मंदी येणार, आणि १९२९ पेक्षा मोठी. मग आत्ता महागात जमीन आणि सिमेंट कशाला घ्या? थांबा. सगळं कोसळलं की अर्ध्या किमतीत घेऊ, तोवर सीअर्सवाले कर्जात बुडालेले असतील. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! त्याने १९४१ पासून एकही नवं दुकान उघडलं नव्हतं, युद्धानंतरही उघडलं नाही. होती त्यांना रंग लावायलाही पैसे सुटेनात. नफा आला की तिजोरीत. १९५०च्या दशकात वॉर्डकडे ३० कोटी डॉलरच्या आसपास रोकड आणि रोखे साठले. ही दुकानांची कंपनी नसून दर्शनी भागात दुकान थाटलेली बँक आहे, असा विनोद धंद्यातले लोक करू लागले.

तिकडे सीअर्सची सूत्रं होती रॉबर्ट वूडच्या हाती. तोच तो आकडेवारीची पुस्तकं वाचणारा, एके काळी वॉर्डने घालवलेला. मंदी तर त्यानेही बघितली होती, १९२१चा तडाखा त्याने वॉर्डमध्येच बसून खाल्ला होता. पण तो भावांचे आलेख बघत नव्हता, माणसं कुठे चाललीत ते बघत होता. घरी परतणाऱ्या लाखो सैनिकांना सरकारी हमीवर गृहकर्ज मिळत होतं. लग्नं होत होती, पाळणे हलत होते. शहराबाहेर मोकळ्या रानात एकसारख्या घरांच्या वसाहती उगवत होत्या, प्रत्येक घरापुढे गाडी. या कुटुंबांना फ्रीज हवा होता, वॉशिंग मशीन, हातोडी, पडदे, सगळंच. युद्धाच्या काळात काही विकतच मिळत नव्हतं म्हणून त्यांच्याकडे बचतही होती. वूडने शहराबाहेर, मोठ्या पार्किंगसकट, दुकानांमागून दुकानं उघडली. कॅलिफोर्निया, टेक्सास, अगदी मेक्सिको सिटीपर्यंत.

आणि मला झोप येऊ न देणारी गोष्ट ही की हे सगळं ॲव्हरीला दिसायला हवं होतं. वूडच्याही आधी. कारण त्या वर्षांत यू. एस. जिप्समचाही तो चेअरमन होता. रानात उगवणाऱ्या त्या प्रत्येक घराच्या भिंतीला आणि छताला जिप्समचे बोर्ड लागत होते आणि ते विकण्यात त्याची कंपनी देशात आघाडीवर होती. म्हणजे एका टेबलावर कागद सांगत होते की घरं धडाधड बांधली जातायत. दुसऱ्या टेबलावर तोच माणूस ठरवत होता की त्या घरांत राहणाऱ्यांसाठी दुकान उघडायचं नाही. दोन्ही टेबलं शिकागोतच.

बरं, मंदी आलीच नाही असंही नाही. १९४८-४९ मध्ये आली. १९५३-५४ मध्येही आली. छोट्या होत्या, वर्षभरात ओसरल्या, पण प्रत्येक वेळी ॲव्हरीला वाटलं असणार की झालं, सुरू झालं. ज्याला मंदीची वाट बघायची आहे त्याला दर चार-पाच वर्षांनी एक पुरावा मिळतोच. आणि दरम्यान भाव खाली यायचं नाव घेईनात. जी जागा १९४६ मध्ये महाग वाटली होती ती १९५०ला आणखी महाग झाली. तिजोरीतला डॉलर तोच, पण त्यात येणाऱ्या विटा कमी होत गेल्या. १९५०च्या दशकाच्या मध्यावर सीअर्सची विक्री वॉर्डच्या तिपटीच्या पुढे गेली होती. युद्धापूर्वी या दोघी जवळपास शेजारणी होत्या.

वॉर्डचे चांगले मॅनेजर कंटाळून गेले. काही सीअर्सकडेच गेले. जे राहिले ते गप्प राहणारे.

एवढी रोकड पडून आहे म्हटल्यावर कोणाचा तरी डोळा जाणारच. १९५४ मध्ये लुई वुल्फसन हा फ्लोरिडातला चाळिशीतला उद्योजक पुढे आला. भंगारवाल्याचा मुलगा, पडीक कंपन्या विकत घेऊन त्यातून पैसा काढणारा. त्याने वॉर्डचे शेअर घेतले आणि गावोगाव फिरून भागधारकांना सांगू लागला की या म्हाताऱ्याला घरी बसवा. एप्रिल १९५५ मध्ये शिकागोत भागधारकांची सभा झाली. ऐंशी पार केलेला ॲव्हरी व्यासपीठावर उभा राहिला आणि बोलता बोलता त्याचा धागा सुटला. वाक्यं अर्धवट राहू लागली, उत्तरं भलतीकडे जाऊ लागली. ११ वर्षांपूर्वी सैनिकांच्या हातांवर ताठ बसलेला माणूस, आणि आता हा. सभागृहातल्या विरोधकांनाही ते बघवलं नसावं. वुल्फसनच्या गटाला संचालक मंडळातल्या नऊपैकी तीनच जागा मिळाल्या, म्हणजे कागदावर ॲव्हरी जिंकला. पण मे महिन्यातच त्याने राजीनामा दिला. पाच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९६० रोजी, तो वारला. त्याची ती मोठी मंदी तोवर आलेली नव्हती.

त्याच्यानंतरच्यांनी तिजोरी उघडली, दुकानं बांधायला घेतली. पण शहराबाहेरच्या चांगल्या चौकांत सीअर्स आधीच जाऊन बसली होती. जे मिळालं ते दुय्यम जागांवर. वॉर्ड लगेच बुडाली नाही, चांगली ४५ वर्षं रखडत चालली. मालक बदलले, मध्ये एका तेल कंपनीनेही ती घेतली. १९८५ मध्ये तिने जिच्यावर जन्म घेतला ती कॅटलॉग विक्रीच बंद केली. घरबसल्या खरेदीचं युग परत येणार होतं, पण ते यायला अजून दहा वर्षं होती. १९९७ मध्ये दिवाळखोरी, त्यातून कशीबशी बाहेर, आणि २८ डिसेंबर २०००, ख्रिसमसनंतर तिसऱ्या दिवशी, उरलेली २५० दुकानं बंद करत असल्याची घोषणा. त्या ख्रिसमसला रुडॉल्फ नेहमीप्रमाणे दुकानादुकानांत लटकलेला होता.

आणि जिंकलेली सीअर्स? तिनेही २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा अमेरिकेत मंदी नव्हती, उलट बेकारी नीचांकाजवळ होती. गिऱ्हाईक पुन्हा एकदा राहत्या जागेवरून हललं होतं, या वेळी फोनमध्ये, आणि वूडसारखी पुस्तकं वाचणारं सीअर्समध्ये कोणी उरलं नव्हतं.

चहाच्या पैजेत मी आता थोडी बदललेय. शोरूमवर सेलची पाटी लागली की आमच्यातले बाकीचे त्याचं नाव घेतात. मी आधी आत डोकावते, कोण खरेदी करतंय, कुठल्या वयाचं, आणि वर्षभरापूर्वी जे यायचे ते आता कुठे जातात. आतापर्यंत दोन पैजा हरलेय, एक जिंकलेय.

शिकागोत नदीकाठी वॉर्डचं प्रचंड कॅटलॉग गोदाम अजून उभं आहे. कंपनी गेल्यावर त्यात ऑफिसं झाली. तिथे बरीच वर्षं ग्रुपॉन या कंपनीचं मुख्यालय होतं, ती इंटरनेटवर डिस्काउंटची कूपनं विकते.